जत्रेच्या नाटकात बॉक्सिंगची लढत कशी बसवावी

बॉक्सिंगचं नाटक करायचं असेल तर टॉवेल कोणाच्या हातात द्यायचा ते आधी ठरवा. रिंग कशी बांधायची, ग्लोव्हज कुठले घ्यायचे, ठोसा लागल्यासारखा कसा दाखवायचा, हे प्रश्न घेऊन आजूबाजूच्या गावांतली मंडळं माझ्याकडे येतात. त्यांची उत्तरं पुढे देतोच. टॉवेलचं मात्र कोणी विचारत नाही.

हौशी बॉक्सिंगचा नियम असा आहे. खेळाडूच्या कोपऱ्यात त्याचे मदतनीस असतात, त्यांना सेकंड म्हणतात. आपल्या पोराला आता झेपत नाही असं वाटलं तर सेकंडने टॉवेल रिंगमध्ये फेकायचा, लढत तिथेच संपते. पण रेफरी आकडे मोजत असताना टॉवेल फेकता येत नाही. आता हा नियम नाटकवाल्याच्या कानाने ऐका. धाकटा भाऊ खाली पडलाय, रेफरी मोजतोय, थोरल्याच्या हातात टॉवेल आहे आणि मोजणी संपेपर्यंत तो काहीही करू शकत नाही. फेकला तर भावाची लाज राखली की भावाचा घात केला? नाही फेकला तर? एवढा प्रसंग कोणी लेखक शोधायला गेला तर वर्ष घालवील. तो नियमातच पडलेला आहे.

मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात पी.टी. मास्तर होतो. निवृत्त झालो तरी गावात अजून ‘सर’च आहे. जत्रेचं नाटक बसवण्याचं काम माझ्याकडे फार पूर्वी आलं आणि मग ते कोणी परत मागितलं नाही. ऐतिहासिक झाली, पौराणिक झाली, रडकी कौटुंबिक तर ढिगाने झाली. 2023 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात भरल्या, तेव्हा आमच्या पोरांनी बॉक्सिंग समोर बसून पाहिलं. त्यावर कोणीतरी मोबाइलवर ‘द फायटर’ दाखवला. झालं. “सर, यंदा तलवारी नाकात (नकोत). बॉक्सिंग.”

तो सिनेमा 2010 चा, डेव्हिड ओ. रसेलचा. माणसं खरी आहेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं लोवेल हे जुनं गिरण्यांचं शहर, तिथला मिकी वॉर्ड आणि त्याचा थोरला भाऊ डिकी एक्लंड. आई एक, वडील वेगळे. डिकी 1978 साली शुगर रे लेनर्ड या नामांकित बॉक्सरशी लढला होता आणि त्याच आठवणीवर शहरात मिरवत होता. पुढे व्यसनात बुडाला. सिनेमात धाकट्याचा ट्रेनर तो, मॅनेजर आई, आणि वर सात बहिणींचा गोतावळा. ऑस्कर मिळालं ते थोरला करणाऱ्या ख्रिश्चन बेलला आणि आई करणाऱ्या मेलिसा लिओला. मिकी करणारा मार्क वॉलबर्ग, म्हणजे ज्याने सगळे ठोसे खाल्ले तो, त्याला अभिनयाचं नामांकनसुद्धा नाही.

यात आपल्यासाठी कामाची गोष्ट आहे. बॉक्सर गप्प असतो, बोलतात घरचे. म्हणून मंडळातला सगळ्यात भारी नट बॉक्सर करू नका, त्याला भाऊ करा. बॉक्सरच्या कामाला ज्याला पाय हलवता येतात आणि ऐकून घेता येतं असा पोरगा पुरे. मंडळात यावरून रुसवेफुगवे होतील, कारण हाफ पँट घालून छाती दाखवायची हौस सगळ्यांनाच असते. होऊ द्या.

सिनेमातले प्रसंग मात्र उचलू नका. लोवेलमधलं व्यसन आणि तिथल्या बहिणींची भांडणं आपल्या मांडवात परकी वाटतात. आपल्याकडची कर्जं आपल्याकडे आहेत. आमचं नाटक आम्ही खाणपट्ट्यात नेलं. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा दारात खनिज वाहणारे ट्रक उभे राहिले आणि बँकेचे हप्ते चालूच राहिले, हे सांगे-डिचोलीकडच्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. थोरला भाऊ स्वतः चांगला बॉक्सर. वडिलांच्या ट्रकाचा हप्ता भरायला त्याने ग्लोव्हज उतरवले आणि स्टिअरिंग धरलं. मग ट्रकही थांबला. आता धाकट्याने लढावं अशी त्याची इच्छा आहे, की आपण न लढलेली लढत त्याच्याकडून लढवून घ्यायची आहे? आई दोघांचं ऐकते आणि दोघांनाही जेवायला वाढते. एवढं कथानक पुरलं. मामा, शेजारी, विनोदी पोस्टमन असली पात्रं घालायचा मोह होतो. घाला, पण रिंगजवळ येऊ देऊ नका.

दुबळा नायक लिहिताना एक काळजी घ्या. गरीब, बारीक, बिचारा असा पोरगा जिंकला तर तो लेखकाने जिंकवला असं दिसतं. त्याच्याकडे एक तरी हत्यार हवं आणि ते पहिल्या अंकात दिसायला हवं. खऱ्या मिकी वॉर्डकडे डाव्या हाताचा पोटावरचा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा होता. 1997 साली आल्फॉन्सो सांचेझविरुद्ध तो फेरीमागून फेरी मार खात होता, लोक कंटाळले होते, आणि सातव्या फेरीत त्या एका ठोशाने सांचेझ खाली बसला तो उठलाच नाही. डावा हुक समोरच्याच्या उजव्या बरगडीखाली यकृतावर बसतो. त्याची गंमत अशी की ठोसा लागल्यावर क्षणभर काहीच होत नाही, माणूस उभा असतो, आणि मग गुडघे जातात. रंगमंचाला हे फार सोयीचं आहे. तो क्षण मागच्या रांगेतल्या आजीलाही दिसतो. आम्ही पहिल्या अंकात थोरल्याला आंब्याच्या झाडाला टांगलेल्या भाताच्या पोत्यावर हा ठोसा शिकवताना दाखवला. पोतं आईने भरलेलं, म्हणून ती ओरडत बाहेर येते. लोक हसले, आणि तिसऱ्या अंकात तोच ठोसा आला तेव्हा कोणाला काही सांगावं लागलं नाही.

आता दोन जागा, जिथे लेखकाने जीव ओतायचा.

पहिली, हाताला पट्टी बांधण्याची. बॉक्सर ग्लोव्हजच्या आत साडेचार मीटरपर्यंत लांब पट्टी बांधतो: अंगठ्यात फास, मनगटाभोवती वेढे, मग बोटांच्या गाठींवरून. दोन्ही हात नीट बांधायला पाच मिनिटं तरी लागतात. तेवढा वेळ बॉक्सरचे हात दुसऱ्याच्या हातात असतात. उठून जाता येत नाही, तोंड फिरवलं तरी ऐकावं लागतं. वर्षानुवर्षं न बोललेलं थोरल्याने इथे बोलावं. आम्ही खरी पट्टी खऱ्या वेळात बांधली, एक सेकंद कापला नाही. नटाला पट्टी न बघता बांधता येईपर्यंत संवाद पाठ करायला देऊ नका. हात अडखळला की वाक्य अडखळतं. औषधाच्या दुकानातलं क्रेप बँडेज चालतं, लांबी कमी पडली तर दोन जोडा. पट्टी घट्ट झाली का ते बोटांचा रंग बघून तपासा.

दुसरी जागा, दोन फेऱ्यांमधलं एक मिनिट. मोठ्या गटाच्या हौशी लढतीत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये एकेक मिनिट विश्रांती. साठ सेकंदांत साधारण शंभर शब्द बोलता येतात, पाणी पाजणं आणि तोंड पुसणं धरून सत्तर. एवढेच लिहा. धाकट्याच्या तोंडात दातांवर माउथगार्ड आहे आणि तो थोरल्याने काढला तरच त्याला बोलता येतं. आमच्या थोरल्याने पहिल्या विश्रांतीत तो काढला, दुसऱ्या विश्रांतीत काढलाच नाही. पोराला काहीतरी सांगायचं होतं, ते राहिलं. तालमीत ही कल्पना मी दिली नव्हती. थोरला करणारा पोरगा कुंडईच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतो, थकून यायचा, एकदा विसरला. मी म्हटलं, पुता, आता असंच ठेव.

रिंगचं काम सुताराला द्यायच्या आधी माप घ्या. खरी रिंग दोरांच्या आत 6.1 मीटर, म्हणजे वीस फूट चौरस. आपल्या बहुतेक रंगमंचांची रुंदी तेवढी भरत नाही, आणि भरली तरी बाकीचं घर कुठे लावणार? पूर्ण रिंग बांधूच नका. एक कोपरा बांधा. एक खांब मागे मध्याच्या थोडा डावीकडे, दोन खांब पुढे दोन अंगांना, दोर फक्त मागच्या दोन बाजूंना. प्रेक्षकांच्या बाजूला दोर नको. खऱ्या रिंगला चार दोर असतात, ते पुढून लावले की नटाच्या तोंडावर एक, छातीवर एक, आणि फोटोत सगळे तुरुंगात बसल्यासारखे. मागेही मी तीनच लावले, कोणी मोजले नाहीत.

खांबांना देवळाच्या फरशीत खिळा किंवा भोक करायला कोणी देणार नाही आणि देऊही नये. शाळेत बॅडमिंटनच्या नेटसाठी टायरात काँक्रीट ओतून केलेले ठोकळे असतात, ते मुख्याध्यापकांकडून रीतसर अर्ज करून आणा. अर्ज करा म्हणतो कारण ते न विचारता नेले की पुढच्या वर्षी मिळत नाहीत. दोर होडीवाल्यांचा नायलॉनचा घ्या आणि त्यावर जुन्या बेडशीटच्या पट्ट्या गुंडाळा. काथ्याचा घेतलात तर पहिल्याच तालमीत कोणाची तरी पाठ सोलवटून निघेल. दोरावर कोणी पूर्ण वजन टाकू नये हे सगळ्यांना बजावा. नाटकातला दोर टेकायला असतो, रेलायला नाही. जमिनीवर ताडपत्री घालाल तर घाम पडला की घसरते. जाड मांजरपाट ताणून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा, नाटकाच्या आधी हलका ओला करा.

खऱ्या रिंगचा एक कोपरा लाल, एक निळा, बाकीचे दोन पांढरे. खेळाडूंचे बनियनही लाल-निळे. इथे लाइटवाल्याशी आधीच बोला. त्याला निळा प्रकाश मारायची फार आवड असते, आणि निळ्या प्रकाशात लाल बनियन काळं दिसतं. लढतीला साधा पांढरा प्रकाश वरून, बाकी काळोख.

मोठ्या पुरुषांच्या गटात 2013 पासून डोक्यावर हेडगार्ड नाही, तेव्हा तुमच्या नायकाला एकोणीस वर्षांच्या वरचा करा. चेहरा उघडा राहतो. हौशी बॉक्सरच्या अंगात बनियन असतं ही दुसरी सोय, कारण त्याच्या आत पोटाला जाड पट्टा बांधता येतो. ग्लोव्हज दहा औंसाचे घ्या, कृत्रिम चामड्याचे. स्वस्त पडतात, आणि देवस्थान समितीत चामड्याचा मुद्दा काढणारा एक महाजन (देवस्थानाचा मानकरी सभासद) असतोच. त्याला आधी जाऊन भेटा. पायात बुटांऐवजी कॅनव्हासचे शूज चालतील का हेही त्याच भेटीत विचारा. आमच्याकडे रंगमंच देवळाच्या बाहेरच्या अंगणात, त्यामुळे परवानगी मिळाली.

ठोशांकडे येऊ. तालमीच्या पहिल्या रात्री बॉक्सर झालेल्या पोराने विचारलं, “सर, खरेंच मारूं?” नाही. कधीच नाही, हलकेसुद्धा तोंडावर नाही. ठोसा खरा वाटतो तो खाणाऱ्यामुळे. मारणाऱ्याचा हात पूर्ण सरळ झाल्यावर समोरच्याच्या नाकापासून एक वीत अंतर राहिलं पाहिजे, आणि ते अंतर लोकांना दिसता कामा नये. म्हणून सरळ ठोसा मारताना दोघे एकमेकांच्या मागे-पुढे, प्रेक्षकांच्या नजरेच्या रेषेत उभे हवेत. एकाची पाठ लोकांकडे. आजूबाजूला उभे राहिले की मधली वीत शेवटच्या रांगेपर्यंत दिसते. पण मांडवात लोक तिन्ही बाजूंना बसतात, भिंतीवर पोरं चढलेली असतात, त्यांच्यासाठी कुठलाच कोन पुरत नाही. यावर उपाय एकच: तोंडावरचे ठोसे कमी, पोटावरचे जास्त. पोटावर ग्लोव्ह खरोखर टेकवता येतो, बाजूच्या मांसल भागावर, पट्टा असलेल्या जागी. बरगड्या आणि पाठ वर्ज्य.

खाणाऱ्याची परवानगी आल्याशिवाय मारणाऱ्याने हात सोडायचा नाही. आधी डोळे भिडवायचे, खाणाऱ्याने हनुवटी किंचित खाली करायची, मग हात. ही हनुवटीची खूण प्रेक्षकांना कळत नाही, पण तिच्यामुळे आमच्याकडे कोणाचे दात गेले नाहीत. ठोशांना आकडे द्या: एक म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, दोन मागच्या हाताचा सरळ, तीन डावा हुक, चार उजवा हुक. बॉक्सिंगच्या वर्गात बहुतेक ठिकाणी असंच शिकवतात. सहा-सात हालचालींचा एक तुकडा करा. आधी अगदी हळू, पाण्यात चालल्यासारखा, मग अर्ध्या वेगाने, मग पाऊण. पूर्ण वेग नाटकाच्या रात्रीही नको. त्या रात्री अंगात येतं आणि वेग आपोआप वाढतो. पाऊण सांगितलं तर पूर्ण होतो, पूर्ण सांगितलं तर दवाखाना.

पोरं निवडताना शिगमोत (आमचा होळीचा सण) रोमटामेळाच्या मिरवणुकीत नाचणारी आधी बघा. त्यांना ताशात पाय टाकायची सवय असते, गर्दीत धक्का न लावता वळता येतं. जिममध्ये जाणारी पोरं दिसायला छान, पण बहुतेकांचे पाय जमिनीत रुतलेले. दोघांपैकी एकच मिळत असेल तर नाचणारा घ्या. चरबीवर कोणी बोट ठेवलं तर सांगा, हा वरच्या वजनाचा गट आहे.

आवाजासाठी रेकॉर्डिंग वापरू नका. स्पीकरमधून ठोसा आणि नटाचं पोट यांची वेळ कधी जुळत नाही. आमच्याकडे मडक्याला कातडं ताणून केलेलं घुमट आहे ना? 2019 मध्ये सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य केलं ते काय फक्त मिरवणुकीसाठी? मडक्याचं उघडं तोंड हाताने दाबत-सोडत वाजवलं की असा खोल आवाज निघतो की ऐकणाऱ्याच्या पोटात जातो. घोरपडीच्या कातड्यावर वन्यजीव कायद्याने बंदी आहे, बकरीच्या कातड्याचं घ्या. पोटावरच्या ठोशाला घुमट, तोंडावरच्या ठोशाला समेळावर, म्हणजे घुमटाच्या जोडीच्या ढोलावर, एक काठी. वादकाने मारणाऱ्याकडे बघायचं नाही, खाणाऱ्याच्या कमरेकडे बघायचं. ती वाकली की थाप. वादकाला तालमीला पहिल्या दिवसापासून बसवा. “मला काय, मी त्या रात्री येतो” म्हणणारा वादक कितीही मोठा असला तरी नको.

तीन फेऱ्या आणि दोन विश्रांत्या मिळून खरी लढत अकरा मिनिटांची. रंगमंचावर अकरा मिनिटं ठोसे दाखवलेत तर लोक चणे आणायला उठतील. पहिली फेरी पाऊण मिनिट, पूर्ण दिसणारी, नायक मार खाणारा. दुसरी फेरी दाखवूच नका. प्रकाश रिंगवरून काढून कोपऱ्यावर आणा. थोरला आणि मागे खुर्चीवर आई, तोंडं लोकांकडे, लढत त्यांच्या समोर म्हणजे प्रेक्षकांच्या डोक्यावरून कुठेतरी चाललेली. ऐकू येतं फक्त घुमट, समेळ आणि रेफरीचं “स्टॉप... बॉक्स”. आमच्या नाटकात लोकांना आठवते ती हीच फेरी, आणि तिला एक पैसा लागला नाही. तिसरी दीड मिनिट, तिच्यात पडणं, मोजणं, टॉवेल आणि डावा हुक.

मोजणीबद्दल थोडं. खाली पडलेला बॉक्सर लगेच उठला तरी रेफरीने आठ मोजेपर्यंत लढत पुन्हा सुरू होत नाही. म्हणजे आठ सेकंद हमखास आपल्या हातात. त्यात वाद्य बंद, पार्श्वसंगीत बंद, पेटीवाल्याला हात मांडीवर ठेवायला सांगा. फक्त आकडे. रेफरी करणारा माणूस घड्याळासारखा हवा, पांढरा शर्ट, काळी पँट, काळा बो. आम्ही तलाठी कचेरीतल्या एका गृहस्थांना घेतलं. भावना शून्य, आवाज खणखणीत.

आईच्या कामासाठी अनेक मंडळं बाहेरून स्त्री पात्र ठरवतात आणि त्या बाई शेवटच्या तालमींना येतात. त्यांचा दोष नाही, त्यांना त्या हंगामात पाच गावं असतात. रडक्या नाटकात हे चालून जातं. इथे चालत नाही, कारण दुसऱ्या फेरीत आईला न दिसणारी लढत बघायची असते, कुठला ठोसा केव्हा हे तिला वादकाइतकंच पाठ हवं. गावातलीच कोणी वहिनी, मावशी तयार होत असेल तर तिला घ्या, संवाद थोडे कच्चे आले तरी. आमची आई अंगणवाडीत काम करते. टॉवेल थोरल्याच्या हातातून तिने ओढून घ्यावा की नाही यावर तिने माझ्याशी वाद घातला आणि जिंकली: ती घेत नाही, फक्त टॉवेलचं दुसरं टोक धरून ठेवते.

रक्त टाळा. देवाच्या जत्रेला रक्त बरं दिसत नाही, आणि खोटं रक्त मांजरपाटावरून जात नाही. भुवई सुजलेली दाखवायला रंगभूषाकाराला एक फेरीचा काळोख पुरतो. घामासाठी पाण्याचा स्प्रे, तोही विश्रांतीत, केसांवर आणि खांद्यांवर. तेल लावू नका, हात निसटतात.

वेळेचं गणित सगळ्यात अवघड, आणि ते तुमच्या हातात नसतं. पालखी, मग पावणी म्हणजे देवापुढच्या वस्तूंचा लिलाव, पावणीत एखाद्या नारळावर दोन घराणी अडून बसली की तास गेला. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तुमची जत्रेची रात्र त्या सुटीत बसते का हे समितीला आधी विचारा. बसत नसेल तर नाटक दोन अंकी करा आणि पालखीच्या आधी संध्याकाळी उभं करा, किंवा माइकशिवाय करा. लढतीला माइक लागतच नाही. उलट शेवटचा अंक माइक बंद करून केला तर लोक पुढे सरकून बसतात. आम्ही तसंच केलं, कायद्याच्या धाकाने का होईना.

घंटेचा घोटाळा होऊ देऊ नका. नाटकाची तिसरी घंटा आणि फेरीची घंटा एकच ठेवली तर विंगेतला पोरगा हमखास भलतीच वाजवतो. फेरीसाठी शाळेत टांगतात तो रुळाचा तुकडा आणि हातोडी वापरा. देवळाच्या घंटेच्या जवळपासचा आवाज तर मुळीच नको, म्हातारी माणसं हात जोडतात.

प्रतिस्पर्ध्याला खलनायक करायचं टाळा. त्याच्या कोपऱ्यातही कोणीतरी उभं करा, संवाद नसले तरी. आम्ही त्याच्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ दिले, त्याचे आजोबा असतील असे. ते दर विश्रांतीला नातवाचं कपाळ पुसतात, बस. लोकांना नायकाने जिंकावं असं वाटत राहतं आणि तरी तो दुसरा पडला की कोणी शिट्टी मारत नाही.

शेवट काय करायचा यावर मंडळात भांडण होणारच. हरवा म्हणणारे असतात, ते शिकलेले. जिंकवा म्हणणारे असतात, ते वर्गणी देणारे. हौशी बॉक्सिंगमध्ये निकाल बरोबरीचा ठेवता येत नाही, पाच पंच असतात आणि विजेता द्यावाच लागतो. आम्ही तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला. डाव्या हुकने प्रतिस्पर्धी पडतो, पण आठला उठतो, आणि उरलेल्या सेकंदांत दोघेही एकमेकांच्या गळ्यात पडून नुसते उभे असतात. रेफरी दोघांची मनगटं धरून मध्ये उभा राहतो, नाव पुकारलं जातं, धाकट्याचा हात वर जातो. थोरल्याच्या हातात टॉवेल तसाच. तो त्याने खांद्यावर टाकायचा की आईला द्यायचा हे मी नटावर सोडलं होतं. जत्रेला त्याने एक केलं आणि नंतर शेजारच्या गावात प्रयोग झाला तेव्हा दुसरं. दोन्ही गावांत चहाच्या गाड्यावर दुसऱ्या दिवशी पंचांच्या निकालावरच वाद चालला होता. आमचे वर्गणीदार म्हणाले पाच-शून्य हवा होता.

नाटक संपल्यावर थकून तसेच घरी जाऊ नका. ग्लोव्हजमध्ये त्याच रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सकाळी उन्हाऐवजी वाऱ्यावर टांगा. उन्हात कृत्रिम चामडं तडकतं. पट्ट्या धुऊन गुंडाळा. टायरचे ठोकळे सोमवारी शाळा भरायच्या आत परत करा. आणि पुढच्या हंगामात जे मंडळ ग्लोव्हज मागायला येईल त्यांना भाड्याऐवजी एक घुमटवाला दोन तालमींसाठी मागा, तो मिळणं जास्त कठीण आहे.